काढलेला झोपाळा

खोटं फर्निचर खरं दिसायला काय लागतं, हे मला विचारा. लोकांना वाटतं, सुंदर लाकूड, मऊ उजेड, झालं काम. काही नाही. सुंदर लाकडाला कुणी फसत नाही, माणूस फसतो तो डागाला. टेबल काढायचं, त्याला पॉलिश द्यायचं आणि मग एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा अर्धा गोल उमटवायचा. कपाटाच्या मुठीभोवती बोटांचा तेलकटपणा लावायचा. खुर्चीचा एक पाय केसभर तिरका ठेवायचा. कॉम्प्युटरला सगळं काटकोनात आणि नवंकोरं करायची खोड असते. ती मोडली की बघणारा म्हणतो, वा, फोटो काय छान आलाय!

मी शमिका. रत्नागिरीत मारुती मंदिरापासून जवळच अनिलशेठचं फर्निचरचं दुकान आहे, त्याच्या पोटमाळ्यावर बसून मी तीन वर्षं हेच करते आहे. दुकानात ठेवायला जागा नाही म्हणून वस्तू मी कॉम्प्युटरवर काढायच्या, शेठ त्या दुकानाच्या पेजवर टाकणार, गिऱ्हाईक त्यातून पसंत करणार. शेठचा नियम एकच, ‘चित्र’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. फोटो म्हणायचं, पुण्याच्या गिऱ्हाईकाकडचा फोटो. चित्र म्हटलं की माणूस दहा शंका काढतो, असं त्यांचं म्हणणं.

पसंत झालेली वस्तू मी जाकादेवीला दादू मेस्त्रींना पाठवते. लांबी, रुंदी, उंची ही तीन मापं आणि सोबत तो ‘फोटो’. मेस्त्री तीस वर्षं सुतारकाम करतायत, त्यांना याहून जास्त काही सांगावं लागत नाही. वर्षभर आमचं हे असं चाललंय. ते कधी पोटमाळ्यावर आले नाहीत, मी कधी त्यांच्या कारखान्यात गेले नाही. त्यांच्या लेखी मी फोटो काढणारी बाय.

त्या गुरुवारी पावणेतीन वाजता मी डबा उघडला आणि त्यांचा फोन आला.

“बाय, जेवलीस काय?”

“जेवतेय. बोला मेस्त्री.”

“नेवऱ्याचा झोपाळा काल बशिवला. झकास झालाय. फोटोत हाय तस्साच, सूतभर हिकडं नाय की तिकडं नाय.”

मला बरं वाटलं. मी काढलेल्या सगळ्या वस्तूंत तो झोपाळा माझा लाडका. दोन उभे खांब, त्यांवर आडवा वासा, वाशाला पितळी कड्या आणि कड्यांना सागवानी पाट. छताला टांगायची भानगड नाही, हॉलमध्ये ठेवा नाहीतर अंगणात. खांब इतके सडसडीत की झोपाळा हवेत तरंगतोय असं वाटावं. मागच्या खिडकीतून मी डोंगर दाखवला होता.

“समर्थनं मुद्दाम आजच्या दिसासाठी करून घेतलान. बायकोचं डोहाळजेवण हाय. आठवा संपत आलाय. चार वाजता तिला झोपाळ्यावर बशिवणार नि झोके देणार. मला पन बोलावलान व्हता, पन मी सावर्ड्यात, भाचीचा साखरपुडा हाय.” मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. “तुला म्हणून सांगतो, पहिल्यांदा फोटो बगितला तेवा माजी छाती झाली नाय. खांबांना पुढनं-मागनं तिरके टेकूच नायत! झोका गेला की सगळा जोर खांबावर. नुसता सांधा किती दिस धरून राहणार? म्हणून तर तुला तेवा फोन केलेला. आठवतं काय?”

आठवत होतं. दोन महिने झाले असतील. “ही वस्तू कुटं हाय? उभी हाय ना?” असं त्यांनी विचारलं होतं. मी तेव्हा एका सोफ्याच्या शिवणीत अडकले होते. “पुण्याला आहे हो, चांगली उभी आहे,” म्हटलं आणि फोन ठेवला. शेठनी शिकवलेलं वाक्य होतं, म्हणताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

“तरी मन मानत नव्हतं,” मेस्त्री सांगत होते. “मंग फोटो मोटा करून बगितला. आनी बगतो तर काय, पाटाची कड मधोमध घासलेली! पॉलिश उडून लाकूड पांडरं पडलेलं. कड्यांना हात धरायच्या जागी चकाकी. खाली फरशीवर पायांचा घसारा. म्हंजे दहा वर्सं तरी माणसं बसल्यात ह्याच्यावर. दहा वर्सं उबा हाय तो! मंग बोललो, दादू, तुज्याच अकलेला टेकू हवा. आनी केला तस्साच.”

ते हसले. मला हसता आलं नाही. घास तोंडातच राहिला होता. मी डबा बाजूला सारला आणि एका हाताने झोपाळ्याची फाईल उघडली.

डाव्या बाजूला वस्तूच्या भागांची यादी असते. पाट, कड्या, वासा, खांब, आणि प्रत्येकापुढे एक छोटा डोळा. डोळा उघडा असेल तर तो भाग दिसतो, मिटला की नाहीसा होतो. ‘टेकू’ असं मीच लिहून ठेवलं होतं, आणि त्याच्यापुढचा डोळा मिटलेला होता. चार टेकू मी रीतसर काढले होते, एका खऱ्या झोपाळ्याचा सांगाडा बघून. मग डावीकडचा टेकू खिडकीतल्या डोंगराच्या आड यायला लागला म्हणून चारही झाकले. पुन्हा उघडायचं राहून गेलं. कॉम्प्युटरमध्ये वस्तूला वजन नसतं. टेकू झाकला म्हणून काही कोसळत नाही. माचिसच्या काडीवर बंगला उभा करा, तो हूं की चूं करत नाही.

“मेस्त्री,” मी म्हटलं. “तो फोटो नाहीये. ते चित्र आहे. मी काढलेलं.”

“चित्र म्हंजे?”

“कॉम्प्युटरवर काढलेलं. तसा झोपाळा कुठेच नाही. पुण्यात नाही, कुठेच नाही. त्यावर कुणी कधी बसलेलं नाही. घासलेली कड पण मीच काढली.”

पलीकडे साखरपुड्याचा स्पीकर वाजत होता.

“टेकू व्हते?” मेस्त्रींनी विचारलं.

“होते. मी झाकले.”

ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं. “समर्थला फोन लावतो,” एवढंच म्हणाले. तीन मिनिटांनी पुन्हा फोन आला. “तो लोट्याला कंपनीत हाय. आत मोबाईल नेऊ देत नायत, गेटावर जमा करतात. साडेपाचला सुटल. त्याच्या म्हातारीचा नंबर मजपाशी नाय. मी निगालो गाडीवर, पन मला तीन तास लागतील. तू जवळ हायस. पळ बाय. त्या पोरीला त्याच्यावर बसू देव नको.”

मी जिना उतरले तेव्हा अनिलशेठ एका जोडप्याला सोफा दाखवत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि नेवऱ्याच्या घरचा नंबर मागितला. का ते सांगितलं. त्यांनी आधी त्या जोडप्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वेडी झालीस? भरल्या घरात कार्य चाललंय, तिथे फोन करून काय सांगणार, तुमचा झोपाळा पडेल? उद्या मेस्त्री जाऊन चार पट्ट्या ठोकून येतील. एका दिवसात काय होतंय!”

“शेठ, आठवा महिना आहे तिला.”

“मग काय झालं, दादूने केलाय, लेचापेचा असेल का? आणि चित्राचं काही बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस.”

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. शूर आहे म्हणून नव्हे. वाद घालायला लागणारा श्वासच माझ्यापाशी नव्हता. स्कूटर काढली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

रत्नागिरी ते नेवरे म्हणजे काही दूरचा प्रवास नाही, पाऊण तास खूप झाला. शिरगाव मागे गेलं, काळबादेवी गेलं. डोळ्यांपुढे सारखा तो झोपाळा येत होता, आणि मेली सवय अशी की तो मला चित्रासारखाच दिसायचा, चारी बाजूंनी फिरवता येणारा. मी तो फिरवायचे, पाटावर एक बाई बसवायचे, झोका द्यायचे. आणि खांब वाकले की घाबरून रस्त्याकडे बघायचे. एका वळणावर समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने मला जी शिवी दिली ती मी विसरणार नाही.

आरे-वारेच्या चढावर सगळं थांबलेलं. गणपतीपुळ्याला निघालेल्या दोन बसा समोरासमोर आल्या होत्या आणि मधे एक गाडी रस्त्यावरच आडवी लावून चार जण समुद्राकडे पाठ करून सेल्फी घेत होते. मी हॉर्न वाजवला. “काकू, थांबा की जरा, समुद्र कुठे पळून चाललाय का,” त्यातला एक म्हणाला. मी एकोणतीस वर्षांची आहे. एरवी त्याला ‘काकू’ चांगली दाखवली असती. त्या दिवशी मला रडू आलं. त्या पोराचं तोंड उतरलं आणि त्याने धावत जाऊन गाडी बाजूला घेतली, पण बसा सुटेपर्यंत चार वाजून गेले होते.

नेवऱ्यात घर शोधावं लागलं नाही. स्पीकर नव्हता, पण बायकांची गाणी रस्त्यापर्यंत येत होती. मी स्कूटर कुठे आणि कशी लावली मला ठाऊक नाही. बेडं, म्हणजे अंगणाचं फाटक, ओलांडून आत गेले.

मांडव घातला होता. मधोमध माझा झोपाळा. तो मी पहिल्यांदा पाहत होते, म्हणजे लाकडात. खांबांना अबोलीचे आणि झेंडूचे गजरे गुंडाळलेले, कड्यांना फुलांच्या माळा. पाटावर हिरव्या साडीतली समर्थची बायको, सानिका, डोक्यात फुलांची वाडी, गळ्यात फुलांचा हार, हातात धनुष्य-बाण. दोघी जणी मागून झोके देत होत्या आणि तीस-चाळीस बायका गात होत्या. किती सुंदर दिसत होतं ते! असा उजेड मला कॉम्प्युटरवर कधी जमला नाही.

मग झोका पुढे गेला आणि डावा खांब त्याच्याबरोबर पुढे झुकला. दोन बोटं. झोका मागे आला, खांब मागे आला, पण जरा उशिराने. पुन्हा पुढे. पुन्हा दोन बोटं. गाण्याच्या आवाजात त्याची करकर ऐकू येणं शक्यच नव्हतं.

ओरडायचं नाही, एवढं मला कळत होतं. ओरडले असते तर ती दचकून उडी मारायला गेली असती. मी बायकांमधून वाट काढत गेले, चपला काढायचं भान नव्हतं. झोपाळा मागे आला तेव्हा दोन्ही कड्या धरल्या आणि हळूहळू थांबवला. गाणं एकेका बाजूने बंद पडलं.

“ताई, खाली उतरा,” मी सानिकाला म्हटलं. “हळू उतरा. घाई नको.”

“कोण गो तू?” सासूबाई पुढे आल्या. त्या हौसाबाई. हातात पेढा-बर्फीच्या वाट्यांचं ताट. “आनी चपला घालून कुटं आलीस!”

मी सांगायला लागले. नीट सांगता येईना. हा झोपाळा फोटोवरून केलाय, पण तो फोटो नव्हता, ते चित्र होतं, मी काढलेलं, त्यात टेकू झाकलेले आहेत, हा उभा राहणार नाही. हे सगळं एका दमात. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कुणीतरी हसलं.

“चित्र म्हणते! मंग ह्यो काय कागदाचा हाय?”

हौसाबाईंनी ताट एकीच्या हातात दिलं आणि खांबावर सणसणीत थाप मारली. “सागवान हाय ह्ये. दादू मेस्त्रीनं केलान. काल सांजेपासून आमची चार पोरं उड्या मारतायत ह्याच्यावर. तुला कोनी पाठवलान?”

“कुणी नाही. मी आपली आले.”

“दुकानवाल्याशी भांडण झालं असल,” मागून एकीने निदान केलं. दुसरी म्हणाली, “काय का असना, पन अशा येळेला असं पडायचं-झडायचं बोलू नये, पोटुशी समोर बसलीय.” तिचं खोटं नव्हतं. मला स्वतःलाच आपलं बोलणं अभद्र वाटत होतं. माझ्याकडे दाखवायला काय होतं? एक मिटलेला डोळा, तोही रत्नागिरीत, बंद पडलेल्या पडद्यावर. आणि त्यांच्यापुढे खरं लाकूड होतं. मी इतकी वर्षं ज्या गोष्टीची मेहनत घेतली तीच आता माझ्या विरोधात उभी होती.

कड्या मी सोडल्या नव्हत्या. हौसाबाईंनी माझं मनगट धरलं, “सोड. सोड म्हणते ना.” त्यांचा हात कणखर होता. माझी बोटं सुटायला आली.

तेव्हा सानिका बोलली. वय पंचविशीच्या आत, चेहरा घामेजलेला, फुलांच्या वजनाने मान अवघडलेली.

“तुम्ही बसाल ह्याच्यावर?” तिने मला विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

विचार करून नाही म्हटलं, असं नाही. जळत्या गोष्टीवरून हात निघावा तसा तो शब्द निघाला. तो ऐकून हौसाबाईंची पकड क्षणभर ढिली झाली.

सानिकाने धनुष्य-बाण शेजारणीकडे दिला. “आई, मला मघापासून प्रत्येक झोक्याला पोटात गोळा येतोय. खांब हलतोय असं वाटत होतं. तुमचं एवढं हौसेचं कार्य, म्हणून मी बोलले नाही.” तिने दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली.

त्यानंतरचं कार्य खुर्चीवर झालं. लाल प्लास्टिकची खुर्ची, तिला घाईघाईने दोन गजरे बांधले. ओटी भरली, वाट्या उघडल्या, बर्फी निघाली. गाणी पुन्हा सुरू झाली, पण कुणाचा सूर लागत नव्हता. हौसाबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. चहा मात्र आला. आमच्याकडे भांडायला आलेल्यालासुद्धा चहा देतात, आणि तो साखर घालूनच देतात.

मी तिथून हलले नाही. झोपाळा मोकळा झाला म्हटल्यावर पोरं धावली होती. एकाला मी दंडाला धरून मागे ओढलं, दुसरी माझ्या हाताखालून शिरली आणि तिला कमरेला धरून उचलावं लागलं. शेवटी मी पाटाला पाठ लावून उभीच राहिले, दोन्ही बाजूंना हात पसरून. एक आजी गुडघे दुखतात म्हणून ‘वायच टेकते’ म्हणत आल्या, त्यांनाही नाही म्हटलं. “काय बाय ही तरी,” असं म्हणत त्या पायरीवर जाऊन बसल्या.

खरं सांगते, त्या दीड तासात मला दोन भीती होत्या. एक, हा झोपाळा पडेल ही. आणि दुसरी, तो पडणारच नाही ही. मेस्त्री येतील, ठोकून बघतील आणि म्हणतील, बाय, चांगला घट्ट हाय की. मग मी कोण? भरल्या मांडवात गर्भारशीला झोपाळ्यावरून उठवणारी बाई. दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी व्हायला लागली तेव्हा मला माझीच लाज वाटली. लाज वाटली, पण भीती गेली नाही.

पावणेसहाला दादू मेस्त्रींची मोटारसायकल बेड्याशी थांबली. अंगावर साखरपुड्याचा इस्त्रीचा पांढरा शर्ट, तो धुळीने लाल झालेला. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे, आम्ही कधी भेटलोच नव्हतो. मी “मेस्त्री” म्हटलं तेव्हा आवाजावरून कळलं, आणि त्यांनी नुसती मान हलवली.

“सूनबाय कुटं हाय?” त्यांनी हौसाबाईंना विचारलं.

“ती काय बसलीय. बगा मेस्त्री, ही पोरगी काय बोलते. तुमीच सांगा हिला.”

मेस्त्री सांगायला थांबले नाहीत. खांबांवरचे गजरे सोडले, तेही हळू, फुलं न चुरगाळता, आणि एका ताटात ठेवले. वाकून सांधे बघितले. डाव्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा बराच वेळ तिथेच ठेवला. मग उठले. “सगळ्यांनी मागं व्हा. पोरांना धरा.”

त्यांनी खांबाला खांद्याच्या उंचीवर तळहात लावला आणि पुढे ढकललं. जोर लावला असंही म्हणवत नाही. दार लोटावं तेवढंच. खांब झुकला तो थांबलाच नाही. सांध्यातून फाटल्याचा आवाज झाला, दुसरा खांब त्याच्यामागे गेला आणि वरचा वासा कड्यांसकट खाली आला. तो पाटावर पडला. पाट मधोमध दुभंगला.

सानिकाने दोन्ही हात पोटावर धरले होते आणि ती त्या पाटाच्या दोन तुकड्यांकडे एकटक बघत होती. हौसाबाई मटकन खाली बसल्या. मग उठल्या, सरळ माझ्यापाशी आल्या आणि माझ्या थोबाडीत मारली. चांगली सणसणीत बसली. मारल्यावर त्याच रडायला लागल्या, आणि सुनेला कवटाळून आत घेऊन गेल्या. मला त्या थोबाडीचा राग आला नाही. दिवसभरात कुणीतरी काहीतरी योग्य केलं असं वाटलं.

दादू मेस्त्री पाटाच्या तुकड्याशेजारी जमिनीवर बसले होते. “माज्या हातानं मला सांगितलेलान,” ते म्हणाले, माझ्याशी की लाकडाशी, कळलं नाही. “हात बोलत व्हता, टेकू घाल. मी हाताचं ऐकलं नाय, फोटोचं ऐकलं.”

“मेस्त्री, चूक माझी आहे.”

“ती हायच,” ते म्हणाले. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखी त्यांची मान वर आली आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मी वर्षभरात पाठवलेले फोटो उघडले आणि पडदा माझ्यापुढे धरला.

“हा?” कोपऱ्यातलं टीव्हीचं कपाट होतं.

“काढलेलं.”

“हा?” जेवणाचं टेबल.

“काढलेलं.” ते काय विचारतायत हे मला तेव्हा समजलं. तिसरा फोटो पोरांच्या खोलीचा होता. दोन मजली पलंग, वरचा माचा भिंतीतून पुढे आलेला, त्याखाली खेळण्यांची निळी पेटी. वरच्या माच्याला पुढून पाय नव्हते. पेटी नीट दिसावी म्हणून झाकले असतील. किंवा मुळातच मी काढले नसतील.

“नाचणे गावात सुलेमानभाईंकडं केलाय मी ह्यो,” मेस्त्री म्हणाले. “त्यांच्या नातवंडांसाठी. गणपतीच्या आधी. ह्याला पाय व्हते?”

“आठवत नाही.”

“आठवत नाय म्हंजे काय?”

“मेस्त्री, खरंच आठवत नाही. मी खूप ठिकाणी खूप काही झाकलंय.”

त्यांनी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. चार-पाच वेळा वाजला. मग उचलला.

“बोला दादू मेस्त्री! लई दिसांनी?”

“सुलेमानभाई, पोरं कुटं हायत?”

“उमेर आनी महरीन? हायत की घरातच. वर चढलेत तुमच्या त्या माच्यावर. शाळेतनं आली की तिकडंच. ऐका, कशा उड्या मारतायत.”

ऐकू येत होतं. दोन पोरं खिदळत होती आणि मधेमधे धप, धप असा आवाज होत होता. प्रत्येक आवाजाला मेस्त्री डोळे मिटत होते.

“भाई, माजं नीट ऐका,” ते अगदी सावकाश म्हणाले. “त्यांना ओरडू नका. घाबरवू नका. तुमी सोता जा आनी एकेकाला उचलून खाली घ्या. आधी कडेला हाय त्याला. फोन ठेवू नका.”

पलीकडे चपलांचा आवाज झाला. दार वाजलं. सुलेमानभाई हळू आवाजात काहीतरी समजावत होते, पोरगी हट्टाने नाही म्हणत होती. मी मांडवाचा बांबू घट्ट धरला होता.

“उमेर उतरला,” सुलेमानभाई म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास. काहीतरी करकरलं. मेस्त्री उभे राहिले. मग पोरीचं रडणं ऐकू आलं, पडल्याचं नव्हे, हट्ट मोडल्याचं.

“ही पन उतरली. काय झालं दादू मेस्त्री? काय झालं ते तरी सांगाल?”

“मी येतो तिकडं. तोवर खोलीला कडी घाला. कोनी जायचं नाय आत.”

त्यांनी फोन बंद केला, धुळीने माखलेल्या बाहीने तोंड पुसलं आणि मोटारसायकलपाशी गेले. मी त्यांच्यामागे गेले. किल्ली लावता लावता त्यांनी मोबाईल पुन्हा माझ्यापुढे धरला. चौथा फोटो एका बिछान्याचा होता, आणि उशांच्या बरोबर वर भिंतीला आडवी भलीमोठी फळी, पुस्तकांनी भरलेली.

“हा?” त्यांनी विचारलं.